नलूची काच

कापूस निघायला लागला की आर्वीच्या रस्त्यावरच्या बाभळींनाही कापूस लागतो. गच्च भरलेले, वरून दोर आवळलेले ट्रॅक्टर झाडांना घासून पुढे जातात आणि काट्याकाट्यावर पांढरे पुंजके अडकून राहतात. थंडी सरेपर्यंत ते तिथेच असतात. धुळीने मळतात, दवाने जड होतात, वाऱ्याने पिंजले जातात, पण गळून पडत नाहीत. वर्ध्याहून रोहण्याला, आमच्या गावी, जाताना दरवर्षी हे दिसते आणि दरवर्षी माझ्या गाडीचा वेग नकळत कमी होतो. त्या काट्यांवरून काहीतरी उतरवून घ्यायचे राहिले आहे, आणि ते काम माझेच होते, असे वाटत राहते.

यंदाही वेग कमी झाला. शेजारी सुनंदा, माझी पत्नी, बसली होती. तिच्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी होती आणि पिशवीत नलूची काच.

काच हा बाबांचा शब्द. लेन्स म्हणणे त्यांना जमत नव्हते असे नाही. पण कापसाच्या खरेदीत उभे आयुष्य गेलेला तो माणूस कोणत्याही वस्तूत नेमके काम कोण करते हे आधी पाही. नलूचा कॅमेरा पहिल्यांदा हातात घेऊन त्यांनी तो उलटासुलटा केला, डोळ्याला लावला, आणि म्हणाले, की पाहण्याचे काम ही काच करते, बाकी नुसता डबा आहे. तेव्हापासून आमच्या घरात ती नलूची काच झाली.

नलू माझी धाकटी बहीण. नव्वदीच्या दशकात जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात ती छायाचित्रकार म्हणून लागली. या नोकरीत नेमके काय करायचे असते हे आमच्या गावात कोणाला समजावून सांगणे अवघड होते. लोकांना वाटे, डॉक्टरांचे समारंभ असतील, त्यांचे फोटो काढत असेल. प्रत्यक्षात ती जखमा टिपत असे. सुजलेले पाय, भाजलेली पाठ, कातडीवरचे चट्टे, शस्त्रक्रियेच्या आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते सगळे लागे. एकदा काही कामाने मी तिच्या विभागात गेलो होतो. स्टुलावर खेड्यातली एक म्हातारी बसली होती, अर्धा चेहरा पदराखाली घट्ट झाकून. गालावर काहीतरी चिघळले होते आणि ते कोणाला दाखवण्याची तिची तयारी नव्हती. नलूने कॅमेरा टेबलावर ठेवला, दुसरे स्टूल ओढून ती म्हातारीसमोर बसली आणि नुसती पाहत राहिली. जखमेकडे नाही, डोळ्यांकडे. काही बोलली असेल तर मला ऐकू आले नाही. पुष्कळ वेळ गेला. मी दाराशी उभा राहून घड्याळ पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, की ही कामाची पद्धत नव्हे. मग म्हातारीने आपणहून पदर खाली घेतला.

तो पदर खाली येतानाचा क्षण मी तेव्हा पाहिला खरा, पण मला तो दिसला नाही. दिसायला बराच काळ जावा लागला.

रविवारी नलू रोहण्याला येई ती स्वतःचा कॅमेरा गळ्यात घालून. रिळाचा, सेकंडहँड घेतलेला, आणि त्यावर ती एकच पन्नास मिलिमीटरची लेन्स. जवळचे मोठे करणारी नाही, दूरचे ओढून आणणारी नाही. माणूस उभ्या जागेवरून जेवढे पाहतो साधारण तेवढेच पाहणारी. कापसाच्या दिवसांत तिला आमच्या घराचा लोभ आवरत नसे. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही होई. बाया पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाची पूजा करत, दहीभाताचा नैवेद्य दाखवत आणि मगच ओटीत कापूस घ्यायला सुरुवात करत. नलू त्यांच्यात ओणवी होऊन फिरे. तिला सुकल्या बोंडांची टोके टोचत, ओढणी अडकत राही, बाया तिला हसत.

आणि मग ती खोली. चांगल्या बाजारभावाची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवण्याची आमच्याकडे रीत होती. समोरची मोठी खोली रिकामी करायची, खिडकीतून आत कापूस ओतायचा, तुडवायचा, पुन्हा ओतायचा. पाहता पाहता तो आढ्याला टेके. उंबरठ्याजवळ दोन माणसे बसतील एवढीच जागा उरे. ज्याने कापसाने भरलेली खोली अनुभवली नाही त्याला तिथली शांतता सांगता येणार नाही. तिथे शब्द भिंतीवर आपटत नाही, परत येत नाही. बोललेले कापूस गिळून टाकतो आणि आपलाच आवाज आपल्या कानाच्या आतून आल्यासारखा वाटतो. सरकीचा तेलकट, उबदार वास असतो. अंगाला बारीक खाज सुटते. लहानपणी आम्ही दोघे त्यात उड्या मारत असू. मोठेपणीही नलू रविवारच्या दुपारी त्या ढिगावर चढून, स्वतःपुरता खळगा करून झोपत असे. ती उठून गेल्यावर तो खळगा बराच वेळ तसाच राही.

त्याच खोलीत, कापसाला पाठ करून, लाकडी खुर्चीवर बाबा बसत आणि नलू उंबरठ्यावर उभी राहून त्यांचा फोटो काढी. तिसऱ्या प्रहरी दारातून ऊन सरळ आत येई. एकदा मी तिला विचारले, की एवढ्या पांढऱ्यात फोटो चांगला कसा येईल. ती हसली.

"दादा, पांढरं पाह्यलं का कॅमेरा घाबरते. सारं काळं करून टाकते. त्याले सांगा लागते, भिऊ नको बाप्पा, पांढरंच आहे ते. मग थोडा जास्तीचा उजेड द्याचा."

त्या फोटोंतले बाबा मला ओळखीचे वाटत नसत. खरेदीच्या दिवसांत समोरच्याला भाव कळू नये म्हणून त्यांनी चेहरा कोरा ठेवायची सवय लावून घेतली होती, आणि सवय पुढे चेहराच होऊन गेली. माझ्या निकालाच्या दिवशी, माझ्या नोकरीच्या दिवशी, माझ्या लग्नात मी तोच कोरा चेहरा पाहिला. नलूच्या फोटोत मात्र त्यांच्या डोळ्यांच्या कडा सैल झालेल्या असत. ओठ हसत नसत, पण आता हसतील असे वाटे. कॅमेऱ्याकडे पाहणारा माणूस खरे तर कॅमेऱ्याकडे पाहत नाही, मागे जो उभा आहे त्याच्याकडे पाहतो. ती नजर तिच्यासाठी होती. नलूने काढलेला कोणताही फोटो पाहा, त्यात नलू नाही, पण ज्या नजरेने तिला पाहिले गेले ती नजर आहे. मला तिचा हेवा वाटत असे.

शतक बदलण्याच्या सुमारास, एका पावसाळ्यात, साधा वाटणारा ताप आला आणि नलू गेली.

तेरवीला हार घालायला तिचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. सगळे तिनेच काढलेले. शेवटी एका चुलत बहिणीच्या लग्नातला घोळक्याचा फोटो मिळाला. स्टुडिओवाल्याने त्यातून तिला कापून काढले, मोठे केले, मागे निळा रंग भरला. त्या फोटोत मी तिच्या शेजारी उभा होतो आणि माझा हात तिच्या खांद्यावर होता. हात कापला तरी बोटे राहिली. ती त्याने रंगवून साडीच्या काठात मिसळून टाकली. नीट पाहिले तर चार फुगीर रेघा दिसतात. तेरवीच्या दिवशी बाबा त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारले, की ही बोटे कोणाची. मी म्हणालो, माझी. ते म्हणाले, "राहू द्याचे होते." एवढेच. त्या तीन शब्दांत दोष होता की दुःख, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

तिच्या कॅमेऱ्याचा आतला पडदा पुढे अडकून बसला आणि त्याचे सुटे भाग मिळेनात. काच तेवढी राहिली. ती मी तिच्याच ओढणीत गुंडाळली, स्टीलच्या डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावले आणि डबा कपाटात बंद केला. बाबांनी एकदोनदा सुचवले, की कोणी शिकणारी पोट्टी असेल तर तिला देऊन टाक, वापरात राहील. मी म्हणालो, आठवण आहे. जपून ठेवणे म्हणजे बंद करून ठेवणे, अशी माझी तेव्हा समजूत होती. अनेक बाबतींत होती.

त्यानंतर बरेच पावसाळे गेले. डिजिटल कॅमेरे नागपूरच्या दुकानांत मांडले जाऊ लागले होते त्या काळातला तो हिवाळा. मी वर्ध्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो. आई कधीच गेली होती, बाबा रोहण्याला एकटे राहत आणि वेचणीच्या दिवसांत आम्ही दर रविवारी जात असू. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसरा पिकायची वाट पाहत होता. दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी, जेवण झाल्यावर, पान लावता लावता त्यांनी सांगितले, की माझ्या हाराचा फोटो काढून ठेव.

सुनंदा म्हणाली, असे अभद्र बोलू नये.

"अवं सूनबाई, मेल्यावर फोटो हुडकाले मी येऊ काय? तुम्ही आपले इलेक्शन कार्डावरचा मोठा करसान. तो पाहून लोकं हार घालाच्या आधीच पळतीन."

ती हसली. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. पान गालात सरकवून त्यांनी माझ्याकडे न पाहता पुढचे सांगितले.

"नलूसारखा कापून लावलेला नको, मधू. खुर्चीवर बसलेला, पुरा. अन् तिच्याच काचीतून काढजो."

तो हिवाळा मी कॅमेरा निवडण्यात घालवला. आज वाटते, त्या निमित्ताने बऱ्याच वर्षांनी मी कोणाचे तरी म्हणणे नीट ऐकले. मासिके आणली, वर्ध्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे जाऊन बसलो, इंटरनेटच्या दुकानात बसून पानेच्या पाने वाचली. नवशिक्यासाठीचे डीएसएलआर साधारण दोन जपानी कंपन्यांचे. दोन्हींबरोबर एक हलकी, प्लास्टिकची झूम लेन्स मिळे, आणि ती लावली की बाकी विचार कॅमेराच करी. पण एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर, म्हणजे नुसत्या डब्यावर, बसत नाही. पुढच्या धातूच्या कड्याचा घेर वेगळा, खाचा वेगळ्या. माणसांच्या घराण्यांसारखेच ते, सोयरीक होईलच असे नाही. नलूच्या काचेच्या कंपनीचा नवा कॅमेरा घ्यायचा, हे ठरल्यासारखेच होते. तरी सगळे तिथे संपत नव्हते.

डबा घेऊन मी नागपूरला, सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने ओढणी उलगडली, काच हातात घेऊन तिचे कडे फिरवले आणि ती ट्यूबलाइटसमोर धरली. मग मला म्हणाला, तुम्हीच पाहा.

मी पाहिले. आत, भिंगांच्या मधल्या पोकळीत, कडेपासून मध्याकडे सरकत आलेले पांढरे, बारीक तंतू होते. कोळ्याच्या जाळ्यासारखे म्हणावे तर कोळ्याइतके नीटनेटके नाहीत. मुळासारखे पसरलेले.

"फंगस आहे सर. बंद ठेवली होती का? हिला हवा लागते, उजेड लागतो. वापरात राहिली असती तर नसतं झालं."

तो सावकाश समजावू लागला. याच कंपनीची सर्वांत साधी बॉडी घेतली तर ही लेन्स लागून जाईल, पण फोकस आपोआप होणार नाही, हाताने फिरवावा लागेल. उजेड किती हेही कॅमेरा सांगणार नाही, अंदाजाने ठरवावे लागेल. आणि साध्या बॉडीतला चित्र टिपणारा सेन्सर रिळाच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून ही लेन्स जेवढे पूर्वी दाखवी त्यातला फक्त मधला भाग येईल, कडा जातील. वरच्या दर्जाची बॉडी माझ्या आवाक्यातली नव्हती. मग त्याने दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा पुढे ठेवला. हलका, हातात छान बसणारा, सोबत झूम. मला तो आवडला, हे त्याला कळले असावे. कॅमेरा कशासाठी हवा ते मी त्याला सांगितले होते. तो सहज म्हणाला, "बाबांना काय कळते सर. बोलून द्या, तीच लेन्स आहे."

बाबांना खरेच कळले नसते. एका डोळ्यात पडदा, दुसऱ्याला जाड चष्मा. फोटो उत्तम आला असता, कडांसकट, ते पूर्ण बसले असते त्यात. त्या तरुणाला नाही म्हणायला मला जेवढा वेळ लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला. त्या वेळात मी काय तोलत होतो हे मला ठाऊक आहे. मला चांगला फोटो हवा होता, की ती नजर? आणि ती नजर तिच्या काचेशिवाय माझ्या वाट्याला येईल का? म्हणजे सचोटीने नव्हे, लोभाने मी साधी बॉडी घेतली. सोबतची झूम लेन्स खोक्यातच राहिली. दुकानाच्या कारागिराने काच उघडून साफ करून दिली. सगळ्यात आतल्या भिंगावर एक तंतू मात्र राहिला. तो काढू गेले तर वरचा लेप निघेल, असे तो म्हणाला. मी म्हटले, राहू द्या.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तिच्या काचीलेही मोतीबिंदू झाला म्हणाव. माह्यावर गेली."

त्या रविवारी रोहण्याची खोली कापसाने भरून झाली होती. तिसऱ्या प्रहरी बाबा धुतलेले धोतर, बंद गळ्याचा कोट घालून खुर्चीवर बसले. सुनंदाने त्यांची टोपी सारखी केली आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली. मी उंबरठ्यावर उभा राहिलो. कॅमेरा डोळ्याला लावला आणि दचकलो. नलूच्या फोटोंत इथूनच बाबा खुर्चीसकट, पायांतल्या जोड्यांसकट, वर कापसाच्या ढिगासकट येत. मला दिसत होते ते छातीपर्यंतचे बाबा. कडा जातील हे मला वाचून ठाऊक होते, ऐकून ठाऊक होते, पण तिच्या जागेवर उभे राहून कळणे निराळे होते. मी एक पाऊल मागे, पायरीवर उतरलो.

"मांगं काऊन सरकून राह्यला?" बाबा म्हणाले. "नलू जिथं उभी राहे तिथंच राय उभा."

मी सांगितले, की इथून तुम्ही पूर्ण येत नाही.

"मंग जेवढा येईन तेवढा घे."

मी पुन्हा उंबरठ्यावर आलो. खुर्चीवर बसलेला पुरा फोटो हवा, असे सांगणाऱ्या माणसाने एका क्षणात पायांवर, खुर्चीवर पाणी सोडले होते, मी तिच्या जागेवरून हलू नये म्हणून.

पहिले फोटो काळवंडले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बाबांचा चेहरा सावलीत बुडालेला, कापूस राखेसारखा. मग मला तिचे बोलणे आठवले आणि मी उजेड वाढवला. कापूस पांढरा झाला. पण बाबांचा चेहरा तसाच होता, इलेक्शन कार्डावरचा. मी फोकसचे कडे फिरवत होतो, चाळिशीचा डोळा बारीक करून त्या लहानशा खिडकीत पाहत होतो, पुन्हा फिरवत होतो. खोलीत आवाज नव्हता. कॅमेऱ्याचा खटकाही कापूस गिळून टाकत होता. किती वेळ गेला कोणास ठाऊक. बाबा थकले असतील असे वाटून मी आता पुरे म्हणणार, एवढ्यात ते हळूच म्हणाले,

"तू त्याच्यामांगं तोंड लपवून उभा आहे, मधू. नलू आधी तोंड दाखवे."

मी कॅमेरा खाली घेतला.

मला ती म्हातारी आठवली, तो पदर आठवला. आणि मग काहीच आठवले नाही, कारण बाबा माझ्याकडे पाहत होते. नलू गेल्यापासून आम्ही दोघांनी एकमेकांकडे असे पाहिले नव्हते. आम्ही बोलत असू, जेवत असू, दवाखान्यात जात असू. डोळ्यांना डोळे मात्र दिले नव्हते, कारण दोघांनाही ठाऊक होते, की तिथे काय आहे. एका डोळ्यात जाड भिंगामागचा उजेड आणि दुसऱ्यात दुधी पडदा. मी पाहत राहिलो. त्यांच्या डोळ्यांच्या कडा सैल झाल्या. मी ते होताना पाहिले. ओठ हसले नाहीत, पण आता हसतील असे वाटले. मी कॅमेरा उचलला, कडे अंदाजाने फिरवले आणि खटका दाबला.

वर्ध्याला येऊन संगणकावर तो फोटो मोठा केला. नजर होती, तीच. पण फोकस चुकला होता. बाबांचा चेहरा किंचित मऊ आला होता, ओल्या काचेतून पाहावे तसा, आणि लखलखीत स्पष्ट आला होता तो त्यांच्या खांद्यामागचा कापूस. पुंजका न् पुंजका, धागा न् धागा. आणि त्या स्पष्ट भागात, ढिगाच्या उतारावर, एक खळगा होता. कोणी नुकतेच उठून गेल्यावर राहतो तसा. मांजर झोपले असेल. भरताना कोणाचा पाय पडला असेल, किंवा कापूस आपल्याच भाराने बसला असेल. मी ही कारणे स्वतःला सांगत पडद्यासमोर बसून राहिलो.

फोटोची प्रत घेऊन पुढच्या रविवारी गेलो. बाबांनी ती दारातल्या उन्हात धरली, डोळ्याजवळ नेली, लांब धरली. चेहऱ्यावरून त्यांची नजर झटकन पुढे गेली. मग त्यांचे बोट त्या खळग्यावर जाऊन थांबले. ते बोट कापसाची प्रत पाहणारे, लांबी जोखणारे बोट होते. ते तिथून हलेना. मी म्हणालो, बाबा, चेहरा नीट आला नाही, पुन्हा काढू.

"माहं थोबाड साऱ्या गावाले पाठ आहे," ते म्हणाले. "हाच लाव."

काही हिवाळ्यांनंतर, कापूस विकून खोली रिकामी झाली त्याच आठवड्यात बाबा गेले. फोटो शोधावा लागला नाही. तो नलूच्या फोटोशेजारी लागला. निळ्या रंगात कापून बसवलेली ती, खांद्यावर माझ्या रंगवलेल्या बोटांसह, आणि शेजारी छातीपर्यंतचे बाबा. भेटायला येणारे म्हणत, फोटो जरा हललेला वाटतो, दुसरा नाही का. मी म्हणे, हाच त्यांना हवा होता.

खोटे नव्हते ते. पण त्यांनी तो माझ्यामुळे निवडला की खळग्यामुळे, हे मी त्यांना कधी विचारले नाही. त्या दुपारी तुम्ही कोणाकडे पाहत होता, हा एक प्रश्न मी त्या सगळ्या हिवाळ्यांत जिभेवर घेऊन रोहण्याला गेलो आणि तसाच परत आलो. माझ्याकडे, असे ते म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. तिच्याकडे, असे म्हणाले असते तर मला ते सोसले नसते. उत्तर हवे असलेला माणूस प्रश्न विचारतो. मला ती नजर हवी होती, आणि ती कोणाची हे न कळणे हीच ती ठेवून घेण्याची एकमेव सोय होती. शंभरदा मी त्या फोटोसमोर उभा राहिलो असेन. बाबा माझ्याकडे पाहतात. मी एका बाजूला सरकलो, तर तिथेही पाहतात.

आता घरात कापूस भरत नाही. शेत बटईने, वाट्यावर, दिले आहे, बोंड फुटले की माल सरळ सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात जातो. यंदा पोचलो तेव्हा खोलीचे कुलूप काढताना झालेला आवाज चारी भिंतींवर आपटून परत आला. इतक्या वर्षांनीही मी त्या प्रतिध्वनीला सरावलेलो नाही. सुनंदा मागच्या अंगणात झाडायला गेली. तिसरा प्रहर होत आला होता.

काच आता मी डब्यात ठेवत नाही. वर्ध्याच्या घरी ती खिडकीत, उजेडात असते. दर आठवड्याला तिच्यातून थोडे पाहतो. तो एक तंतू आहे तिथेच आहे, वाढलेला नाही. कॅमेरा जुना झाला, त्याची बॅटरी दोनदा बदलली. दुकानात नव्या मुलाने त्याच्याकडे पाहून मान हलवली. मला तो पुरतो.

मी उंबरठ्यावर उंच स्टूल ठेवले, त्यावर कॅमेरा. बाबांची खुर्ची तिच्या जागी सरकवली. तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवून त्याच्या काठावर फोकस धरला, दोनदा तपासला, उजेडाचा अंदाज घेतला. मुद्दाम काही ठरवले नव्हते. माझाही फोटो लागेल कधी, मुलांना शोधावा लागू नये, एवढेच मनात होते. टायमर लावला, तांब्या उचलून खाली ठेवला आणि खुर्चीवर बसलो.

समोर कॅमेऱ्यावरचा लहान दिवा लुकलुकत होता. त्याच्यामागे दार, दाराबाहेर ऊन, उन्हात कोणी नाही. पाठीमागे जिथे आढ्यापर्यंत कापूस असे तिथे पोकळी. खोली अचानक पूर्वीसारखी गप्प झाली होती. मागच्या अंगणातला खराट्याचा आवाज थांबला असेल, दुसरे काही नसेल. दिवा भराभर लुकलुकू लागला. मी उंबरठ्याकडे पाहत होतो. कॅमेरा ज्या उंचीवर होता त्याच्या थोडे वर, एखादी बेताच्या उंचीची बाई उभी असेल तर तिचा चेहरा येईल तिथे. खटका पडला.

उठून पडद्यावर पाहिले. फोकस नेमका आला होता. मी छातीपर्यंत आलो होतो. आणि माझ्या डोळ्यांच्या कडा सैल झाल्या होत्या. ओठ हसत नव्हते. ती नजर मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर इतकी वर्षे पाहत आलो होतो, की ओळखायला क्षणही लागला नाही.

सुनंदा पदराला हात पुसत आत आली. माझ्या हातातला कॅमेरा तिने आपल्याकडे वळवून घेतला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिले.

"चांगला आला हो," ती म्हणाली. "काढला कोनं?"

टायमरचे सांगायचे होते. माझे लक्ष उंबरठ्याकडे गेले. माझ्या नजरेमागोमाग तीही तिकडेच पाहू लागली.